रेल्वे संग्रहालयांची कथनदृष्टी आणि कोकणचा इतिहास : मांडवीच्या (रत्नागिरी) संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

रेल्वेचा इतिहास सांगणारी संग्रहालये भारतात आता नवलाईची राहिलेली नाहीत. दिल्लीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १ फेब्रुवारी १९७७ रोजी खुले झाले. महाराष्ट्रात पुण्याचे जोशी लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी आणि नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय १४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाले. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या वास्तूत मध्य रेल्वेने वारसा दालन उभारले आहे. या संग्रहालयांविषयी जे लेखन होते ते बहुधा पर्यटनाच्या अंगाने होते. तेथे कोणती इंजिने आहेत, मुलांना काय आवडेल, किती वेळ लागेल, एवढी माहिती दिली की लेखन संपते. परंतु संग्रहालयातील मांडणी हे इतिहासाचे एक कथन असते, आणि कथन म्हटले की निवड, क्रम आणि मौन या तिन्ही गोष्टी ओघाने येतात. साहित्यकृतीची जशी समीक्षा होते तशीच या कथनाचीही समीक्षा व्हावयास हवी.

प्रस्तुत लेखात ही समीक्षा रत्नागिरीतील मांडवी या ठिकाणाच्या संदर्भात केली आहे. हा संदर्भ प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. मांडवी हा समुद्रकिनारा आहे. तेथे रूळ नाहीत, स्थानक नाही. ‘मांडवी एक्सप्रेस’ या गाडीचे नाव गोव्यातील नदीवरून आलेले असून रत्नागिरीच्या मांडवीशी त्याचा संबंध नाही. तथापि कोकणातील माणूस रेल्वे येण्यापूर्वी कसा प्रवास करीत होता आणि रेल्वे आल्यानंतर कोकणच्या भूगोलात काय बदलले, हे समजून घेण्यासाठी मांडवीच्या धक्क्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. प्रचलित रेल्वे संग्रहालयांची कथनदृष्टी इंजिनकेंद्री आहे; कोकणच्या रेल्वेचा इतिहास त्या चौकटीत मावत नाही; आणि तो आता जतन केला नाही तर त्याचा मोठा भाग हातचा जाईल, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

इंजिनकेंद्री मांडणीचे स्वरूप

कोणत्याही रेल्वे संग्रहालयात प्रवेश करणाऱ्या प्रेक्षकाचे स्वागत प्रथम इंजिन करते. दिल्लीच्या संग्रहालयाची ख्याती ज्या वस्तूंवर उभी राहिली त्यांत १८५५ साली बांधलेले ‘फेअरी क्वीन’ हे वाफेचे इंजिन आणि १९०७ साली सुरू झालेल्या पतियाळा संस्थानच्या एकरुळी गाडीचे अवशेष यांचा क्रम वरचा आहे. इंजिन हे भव्य असते, त्याला नाव असते, जन्मवर्ष असते, निर्मात्याची पाटी असते. एखाद्या वीरपुरुषाच्या चरित्राला लागणारी सर्व सामग्री त्याच्यापाशी असते. म्हणून संग्रहालयाला ते नायक म्हणून सोयीचे पडते. लोखंडी देहाला रंग दिला, कठडा घातला आणि फलक लावला की इतिहास मांडून झाला, असा समज त्यातून निर्माण होतो.

हे आकर्षण सर्वस्वी त्याज्य ठरविण्याचे कारण नाही. वाफेचे इंजिन प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज एकोणिसाव्या शतकातील माणसाला वाटलेले भय आणि आश्चर्य यांची कल्पना येत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे १४ डब्यांची पहिली गाडी निघाली तेव्हा तिला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने जोडली होती. गोविंद नारायण माडगावकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात या नव्या वाहनाची दखल घेतलेली आहे. तथापि त्या तीन इंजिनांची नावे जितकी पाठ असतात, तितकी ती वाट घालणाऱ्या माणसांची आठवण राहत नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

बोरघाटातील लोहमार्गाचे उदाहरण घेता येईल. १८५६ ते १८६३ या काळात झालेल्या या कामावर ऐन भरात ४० हजारांहून अधिक मजूर होते, आणि पटकी व इतर साथींनी त्यांतील हजारोंचा बळी घेतला. या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात आल्यानंतर अल्पावधीतच मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालविले. या कथेत शोकांतिकेचे, स्त्रीकर्तृत्वाचे आणि श्रमाच्या इतिहासाचे धागे एकत्र आलेले आहेत. परंतु यांपैकी कोणताही धागा इंजिनाच्या पाटीवर लिहिलेला सापडत नाही. घाट हा संग्रहालयात आणता येत नाही आणि निनावी मजुराची वस्तू उरत नाही. म्हणून दोघेही कथनातून गळतात.

महाराष्ट्रातील तीन संग्रहालये, तीन दृष्टी

महाराष्ट्रातील तीन संग्रहालयांची दृष्टी मात्र एकसारखी नाही. त्यांतील भेद ध्यानात घेतल्यास या माध्यमाच्या शक्यता आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

मुंबईतील दालनाची खरी प्रदर्शनीय वस्तू म्हणजे ती वास्तूच होय. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये सुरू झालेले तिचे बांधकाम दहा वर्षे चालले, आणि २००४ साली युनेस्कोने तिचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. दालनातील जुन्या वस्तू आणि प्रतिकृती पाहणाऱ्याला भिंतीपलीकडून लोकलचा आवाज ऐकू येत असतो. इतिहास आणि वर्तमान यांचे असे सान्निध्य अन्यत्र दुर्मीळ आहे. मात्र येथील कथन मुख्यतः वास्तुकलेचे आहे. घुमट, कमानी, दगडातील पानेफुले आणि प्राणी यांच्यापुढे प्रवासी गौण ठरतो. ज्या दगडी कोरीवकामाची प्रशंसा होते त्यात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा हात होता, हा तपशील वास्तुकलेच्या कथनातही सहज दुय्यम होतो.

पुण्याच्या कोथरूड परिसरातील संग्रहालय भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून आणि यंत्रकौशल्यातून उभे राहिले. एका लहानशा नगराची चालती प्रतिकृती तेथे पाहावयास मिळते. निरनिराळ्या प्रकारच्या गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव अशा या नगरीत सर्व हालचाल स्वयंचलित यंत्रणेने होते. येथे खऱ्या इतिहासाची एकही मोठी वस्तू नाही, असा आक्षेप घेता येईल. परंतु रेल्वे म्हणजे एकटे इंजिन नसून रूळ, सांधे, सिग्नल आणि वेळ यांची परस्परांशी बांधलेली व्यवस्था आहे, हे तत्त्व तिन्ही संग्रहालयांत सर्वाधिक स्पष्टपणे येथेच कळते. तिची मर्यादा तिच्या गुणातच आहे. या नगरीत पाऊस पडत नाही, दरड कोसळत नाही, गाडीला उशीर होत नाही. पूर्ण नियंत्रणाचा जो आनंद लघुप्रतिकृती देते, तो प्रत्यक्ष रेल्वेच्या इतिहासात क्वचितच कोणाच्या वाट्याला आलेला आहे.

नागपूरच्या संग्रहालयाचे महत्त्व त्याच्या काळामुळे वाढले आहे. बंगाल–नागपूर रेल्वेने सातपुड्याच्या परिसरात अडीच फुटी रुळांचे जे जाळे विणले होते, त्याचा हा स्मृतिसंचय आहे. २००२ साली ते उघडले तेव्हा नागपूर–छिंदवाडा मार्गावर अरुंद रुळांच्या गाड्या धावत होत्या. २०१५ नंतर त्या मार्गाचे रुंदीकरण झाले आणि ज्या गाड्या रोजच्या होत्या त्या संग्रहालयापुरत्या उरल्या. मार्ग जिवंत असतानाच त्याच्या वस्तू जमविल्या गेल्या, म्हणून त्या मिळाल्या. संग्रहालय हे मृत्यूनंतर उभारावयाचे स्मारक आहे, या रूढ समजुतीला नागपूरचे उदाहरण छेद देते. कोकणच्या दृष्टीने हा धडा सर्वांत महत्त्वाचा आहे.

कागदाचे बळ

वस्तूच्या आकारावर तिचे ऐतिहासिक मोल ठरत नाही, याचा उत्तम दाखला दिल्लीच्या संग्रहालयाशी निगडित असलेल्या एका पत्रात मिळतो. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला इंग्रजीत पत्र लिहून, शौचासाठी स्थानकावर उतरले असता गाडी सुटून आपली कशी फटफजिती झाली, याची तक्रार केली. मोडक्यातोडक्या इंग्रजीमुळे हे पत्र विनोदाचा विषय झाले. परंतु सामान्य प्रवाशाची वसाहतकालीन रेल्वेत काय किंमत होती, हे त्या एका कागदाइतके नेमके दुसरे काही सांगत नाही. महात्मा गांधींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयी जे लिहिले, त्याचे हे जणू पूर्वकथन होय.

युरोपातील संग्रहालयांनीही या दिशेने काही वाटचाल केली आहे. इंग्लंडमधील यॉर्क येथे १९७५ साली सुरू झालेले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय ‘मॅलार्ड’सारख्या विक्रमी इंजिनासाठी प्रसिद्ध आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या रेल्वे संग्रहालयाने मात्र नाझी राजवटीत ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेण्यात जर्मन रेल्वेचा जो सहभाग होता, त्यालाही आपल्या कायम प्रदर्शनात स्थान दिले आहे. आपल्या पूर्वसंस्थेच्या अपराधाची नोंद स्वतःच्याच छताखाली करणे यासाठी संस्थात्मक धैर्य लागते. अशी नोंद केल्याने संग्रहालयाची प्रतिष्ठा उणावत नाही. उलट त्याच्या इतर विधानांवर विश्वास बसतो.

मांडवी : रुळापूर्वीचे कोकण

मराठी भाषेने आगगाडी आणि आगबोट ही दोन नावे एकाच घडणीतून तयार केली. भाषेच्या दृष्टीने ही दोन्ही वाहने भावंडे होती. पश्चिम किनाऱ्यावर तर थोरले भावंड आगबोटच होते. देशावर १८५३ नंतर रूळ पसरत गेले, परंतु कोकणात जवळजवळ दीड शतक त्यांची वाट पाहावी लागली. रोह्यापर्यंत रेल्वे पोहोचली तीही १९८६ साली. या काळात मुंबईला गिरणीत, गोदीत, कचेरीत कामाला जाणारा चाकरमानी आधी समुद्रमार्गे आणि पुढे एस.टी.ने गेला. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग ही बंदरे त्याच्या प्रवासातील स्थानकेच होती.

‘मांडवी’ या शब्दाचा जुना अर्थ जकातीचे ठिकाण असा आहे. नावातच व्यापार, तपासणी आणि ये-जा यांची स्मृती आहे. आगबोट किनाऱ्यापासून दूर उभी राही आणि उतारूंना पडावातून धक्क्यावर आणले जाई. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाहतूक बंद पडे, आणि मुंबईचा मुलगा व कोकणातील घर यांच्यामध्ये चार महिन्यांचे अंतर उभे राही. हा प्रवास धोक्याचा होता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट बुडून सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ती आषाढातली गटारी अमावास्या कोकणातील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या विसरली गेली नाही.

कोकणात रेल्वेची मागणी एवढ्या दीर्घकाळ आणि एवढ्या तीव्रतेने का होत राहिली, याचे उत्तर या समुद्रवाटेत आहे. अ. ब. वालावलकरांसारख्यांनी कोकण रेल्वेच्या कल्पनेचा ध्यास घेतला. बॅरिस्टर नाथ पै आणि मधू दंडवते यांनी ती मागणी संसदेत लावून धरली. या माणसांच्या मनात वेग किंवा आधुनिकता यांचे आकर्षण असेलही. परंतु त्यामागे पावसाळ्यात तुटणाऱ्या प्रदेशाची व्यथा होती. मनीऑर्डरवर चालणाऱ्या घरांची गरज होती. जे संग्रहालय ही पूर्वपीठिका सांगणार नाही, त्यातील इंजिन कितीही देखणे असले तरी ते कोकणच्या प्रेक्षकाला परकेच वाटेल.

रेल्वे आल्यानंतर आणखी एक परिवर्तन घडले. कोकण रेल्वेचा मार्ग किनारा सोडून आतून गेला. रत्नागिरीचे स्थानक शहराबाहेर कुवारबाव परिसरात झाले. शतकानुशतके ज्या शहराचे तोंड पश्चिमेकडे समुद्राला होते, त्याचे प्रवेशद्वार पूर्वेकडे सरकले. मांडवीचा धक्का ‘गेटवे ऑफ रत्नागिरी’ या नावाने आजही ओळखला जातो. परंतु त्या द्वारातून आता मुंबईचा चाकरमानी येत नाही, संध्याकाळी फिरावयास आलेली कुटुंबे येतात. एखादा वाहतूकमार्ग केवळ माणसे वाहून नेत नाही, तो गावांची दिशा बदलतो, हा इतिहास मांडवीच्या वाळूवर उभे राहिल्यावर स्पष्ट दिसतो.

स्थावर वारसा : बोगदा, पूल आणि माती

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना जुलै १९९० मध्ये झाली. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा रेल्वेमंत्री होते, मधू दंडवते अर्थमंत्री होते आणि ई. श्रीधरन यांच्याकडे महामंडळाचे नेतृत्व आले. रोहे ते मंगळूरजवळील ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ साली पूर्ण होऊन वाहतुकीस खुला झाला. ९० हून अधिक बोगदे आणि लहानमोठे दोन हजारांच्या घरातील पूल एवढ्या एका वाक्यात त्याचे वर्णन नेहमी केले जाते.

या वर्णनातच संग्रहालयापुढील प्रश्न दडलेला आहे. कोकण रेल्वेचे कर्तृत्व तिच्या इंजिनांत नाही. ती इंजिने भारतीय रेल्वेवर सर्वत्र धावणाऱ्या जातीचीच होती. तिचे कर्तृत्व डोंगराच्या पोटात आणि दरीच्या तोंडावर आहे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा असून काश्मीरमधील पीर पंजालचा बोगदा २०१३ साली खुला होईपर्यंत तो भारतातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. रत्नागिरीलगतच पानवल नदीवरील पूल सुमारे ६४ मीटर उंचीचा आहे. एका टोकाला पुलाचा भाग तयार करून तो हळूहळू खांबांवरून पुढे ढकलण्याची पद्धत तेथे वापरली गेली. या दोन्ही वस्तू कठड्याआड ठेवून दाखविता येणार नाहीत. आणि प्रवासी त्यांच्यावरून किंवा त्यांच्यातून जातो, तेव्हा त्याला त्या दिसतच नाहीत. बोगद्यात अंधार असतो आणि पुलावर असताना पूल पायाखाली असतो.

मातीची कथा तर याहून कठीण आहे. कठीण खडकातील बोगद्यांसाठी स्वीडनहून यंत्रे आणता आली. परंतु जांभ्याच्या थराखाली लागणाऱ्या मऊ, पाण्याने भिजताच ढासळणाऱ्या मातीत ती यंत्रे निरुपयोगी ठरली. अशा नऊ बोगद्यांचे काम हाताने, इंचाइंचाने करावे लागले. खोदावे, छत कोसळावे, पुन्हा खोदावे, असा तो क्रम होता. मार्गाच्या बांधकामात सत्तरहून अधिक माणसांनी प्राण गमावले, आणि त्यांतील काही मृत्यू या मातीनेच घेतले. रत्नागिरीत त्यांच्या स्मरणार्थ श्रमशक्ती स्मारक उभे आहे. स्मारक आदर व्यक्त करते, परंतु ते स्पष्टीकरण देत नाही. माती का ढासळत होती, खोदणारा कोणत्या प्रदेशातून आला होता, त्याला दिवसाची मजुरी किती होती, छताला आधार कसा दिला जात होता, हे प्रश्न स्मारकापुढे विचारता येत नाहीत. संग्रहालयात ते विचारता आले पाहिजेत. ही माती आजही स्वस्थ नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गोव्यातील पेडणे बोगद्याची भिंत ढासळली आणि जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी व चिखल शिरून वाहतूक ठप्प झाली. भूशास्त्राचा हा धडा इतिहासाच्या दालनात शिकविण्याजोगा आहे.

जमिनीचा इतिहासही याच प्रकरणात येतो. चाळीस हजारांहून अधिक खातेदारांकडून जमीन घेण्यात आली. गोव्यात खाजन जमिनी आणि जुन्या वस्त्या यांच्यावरून मार्गाविषयी तीव्र वाद झाला. कोकणातील शेतकऱ्याने दिलेली आंब्याकाजूची कलमे, हललेली घरे, बदललेल्या पायवाटा यांची नोंद तलाठ्याच्या दप्तरात असेल. रेल्वेच्या गौरवकथेत ती नाही.

अपयशाची नोंद

इंजिनकेंद्री कथन हे स्वभावतः यशाचे कथन असते. म्हणून अपघात, फसलेले प्रयोग आणि चुकलेले अंदाज यांना त्यात जागा मिळत नाही. कोकण रेल्वेच्या बाबतीत मात्र तिचे अपयश बाजूला ठेवले तर तिचे कर्तृत्वही समजत नाही.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून कारवारहून मुंबईकडे निघालेली सुटीची विशेष गाडी रुळांवरून घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मरण पावले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, महाडजवळ करंजाडीच्या परिसरात मत्स्यगंधा एक्सप्रेसला असाच अपघात झाला. त्यानंतर डोंगरउतारांचे मजबुतीकरण, दरड कोसळल्याची सूचना देणारी यंत्रणा, पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा कमी केलेला वेग आणि रुळांवरील गस्त यांना जे महत्त्व आले, त्याची मुळे या अपघातांत आहेत. भर पावसात, रात्रीच्या वेळी, कंदील घेऊन रुळांची पाहणी करणारा गस्तवाला हा कोकण रेल्वेचा खरा प्रतिनिधी म्हणावा लागेल. त्याचा कंदील, रेनकोट, हातोडा आणि नोंदवही या वस्तू जमविण्यास क्रेन लागत नाही.

मडगावचा ‘स्कायबस’ हे दुसरे उदाहरण. उंच खांबांवरील मार्गाला खाली टांगलेला डबा धावेल, अशी ही कल्पना कोकण रेल्वेने प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न केला. मडगाव येथे सुमारे दीड किलोमीटरचा चाचणीमार्ग उभारला गेला. २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणीच्या वेळी अपघात होऊन एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला, प्रकल्प रेंगाळला आणि २०१३ मध्ये सारा सांगाडा काढून टाकण्यात आला. पतियाळ्याची एकरुळी गाडी कालबाह्य झाल्यावर दीर्घकाळ पडून होती. परंतु तिचे मोल ओळखणारे निघाले, म्हणून ती आज दिल्लीत पाहता येते. स्कायबसला तसे भाग्य लाभले नाही. आपल्याच भूमीवरील तंत्रज्ञानाच्या एका धाडसी आणि फसलेल्या प्रयोगाची खूण दहा वर्षांत पुसली जावी, ही वारसाविषयक अनास्थेची गंभीर बाब आहे. याउलट २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड आणि वेर्णे यांच्या दरम्यान मालमोटारी रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा सुरू झाली आणि ती यशस्वी ठरली. एकाच संस्थेच्या कल्पकतेची ही दोन फळे शेजारी शेजारी ठेवली, तरच प्रयोगशीलतेची किंमत प्रेक्षकाला कळेल.

आक्षेपांचा विचार

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की सामान्य प्रेक्षक, विशेषतः मुले, इंजिन पाहण्यासाठीच येतात. मजुरीचे हिशोब आणि मातीचे थर पाहण्यास कोण येईल? या आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो प्रेक्षकाला कमी लेखतो. पुण्यातील प्रतिकृतीपुढे मुले खिळून राहतात ती तेथील गाडी मोठी आहे म्हणून नव्हे. एका सांध्याच्या हालचालीने गाडीची दिशा बदलते हे त्यांना दिसते म्हणून. पानवलचा पूल कसा पुढे ढकलला गेला, ओल्या मातीत बोगद्याचे छत कसे धरले गेले, हे चालत्या प्रतिकृतीतून दाखविले तर त्याचे आकर्षण उभ्या इंजिनापेक्षा उणे ठरणार नाही.

दुसरा आक्षेप स्थळाविषयीचा आहे. रेल्वेचे संग्रहालय स्थानकाजवळ असावे, समुद्रकिनारी कशासाठी? व्यवहाराच्या दृष्टीने हा मुद्दा योग्य आहे, आणि जड सामग्री स्थानकाजवळच राहील. परंतु कथनाचा आरंभ कोठे होतो यावर त्याचा अर्थ ठरतो. रत्नागिरीत थिबा राजवाड्यातील शासकीय वस्तुसंग्रहालय आणि लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान पाहणारा प्रवासी मांडवीवर येतोच. तेथे आगबोटीच्या काळातील तिकिटे, छायाचित्रे, पडाववाल्यांच्या आठवणी आणि चाकरमान्यांची पत्रे यांनी कथेचा प्रारंभ झाला आणि तिचा शेवट स्थानकावरील श्रमशक्ती स्मारकापाशी झाला, तर संपूर्ण रत्नागिरी शहरच त्या कथनाचे दालन होईल.

भाषेचा मुद्दाही येथे नोंदविणे आवश्यक आहे. रेल्वे संग्रहालयांतील फलकांवर तांत्रिक इंग्रजी आणि तिचा यांत्रिक अनुवाद यांचे प्राबल्य असते. सांधेवाला, चावीवाला, गँगमन, फाटकवाला, लाल बावटा, खटका हे शब्द मराठी माणसाने रुळांवर काम करताना घडविले किंवा आपलेसे केले. हे शब्द फलकांवर आले नाहीत, तर ज्यांनी ते वापरले त्यांचा अनुभवही दालनाबाहेर राहतो.

समारोप

रेल्वे संग्रहालय पाहणे म्हणजे जुनी यंत्रे पाहणे, ही धारणा महाराष्ट्रातील तिन्ही संग्रहालयांनी आपापल्या परीने काही अंशी ओलांडली आहे. मुंबईने वास्तूला, पुण्याने व्यवस्थेला आणि नागपूरने लुप्त होऊ घातलेल्या मार्गाला बोलते केले. माती, श्रम, विस्थापन, अपयश आणि रुळापूर्वीची वाट यांना बोलते करण्याचे काम शिल्लक आहे, आणि ते कोकणच्या संदर्भात अधिक निकडीचे आहे.

या निकडीला कालमर्यादा आहे. २०२२ साली संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण राष्ट्रार्पण झाले आणि डिझेल इंजिनांचा काळ मागे पडू लागला. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास संमती दिली. ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे, अशी अपेक्षा त्यासोबत व्यक्त झाली. नाव राखणे आणि स्मृती राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्थेची रचना बदलते तेव्हा तिची दप्तरे, नकाशे, बोगद्यांच्या दैनंदिन नोंदी आणि छायाचित्रे प्रथम विखुरतात. १९९० च्या दशकात ऐन तारुण्यात या मार्गावर राबलेले अभियंते आता निवृत्त झाले आहेत, आणि जे मजूर होते त्यांचा ठावठिकाणा दरवर्षी अधिक पुसट होत आहे. इंजिन शंभर वर्षे वाट पाहू शकते. माणसाची आठवण तेवढे थांबत नाही. म्हणून कोकणातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल आणि मराठी विभागांनी या माणसांच्या मौखिक नोंदी घेण्याचे काम इमारतीची वाट न पाहता हाती घेणे उचित ठरेल. संग्रहालय कोठे आणि कधी उभे राहील हे शासन ठरवील. त्यात सांगण्याजोगे काही शिल्लक राहील की नाही, हे मात्र आत्ताच ठरणार आहे.